नगरचा किल्ला, मौलाना आझाद आणि विज्ञान-धर्माचा जुना प्रश्न

"विज्ञान खरं की धर्म?" कॉलेजला जाणारी मुलं हा प्रश्न घरात कधीतरी विचारतातच. मग एक तर त्यांना गप्प केलं जातं, नाहीतर मोबाईलवर आलेला एखादा व्हिडिओ दाखवून "हे सगळं आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलंय" असं म्हटलं जातं. दोन्हीने मुलाचं समाधान होत नाही. ह्या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यातच, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात बसून एका मोठ्या आलिमाने फार मोकळेपणाने लिहून ठेवलंय, हे मात्र नगरच्याही अनेकांना माहीत नसतं.

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात ठेवलं गेलं. मौलाना अबुल कलाम आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्यासोबत पंडित नेहरू होते, सरदार पटेल होते. आझाद पहाटे उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचे आणि आपले मित्र मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रं लिहायचे. पत्रं पाठवायची सोय नव्हती, तरी ते लिहीत राहिले. पुढे 1946 मध्ये तीच पत्रं 'गुबार-ए-खातिर' ह्या नावाने छापली गेली.

किल्ल्यात आल्यावर लगेचच लिहिलेल्या एका पत्रात आझाद तत्त्वज्ञान, विज्ञान आणि धर्म ह्या तिघांना शेजारी शेजारी ठेवतात. दुःखाच्या वेळी माणसाने कोणाकडे जायचं, हा त्यांचा प्रश्न. तत्त्वज्ञान शंका जागी करतं, पण ती मिटवणं त्याला जमत नाही. विज्ञान पुरावा देतं, पण नुसत्या पुराव्यावर काळजाला आधार मिळत नाही. तो आधार श्रद्धेतून येतो. बघा, इथे ते विज्ञानाला खोटं म्हणत नाहीत. विज्ञानाचं काम वेगळं, एवढंच म्हणतात. आणि हे आंधळेपणाने नाही. तरुणपणी आपण वारशाने मिळालेल्या समजुतींवरच शंका घेतली होती, बरीच वर्षं त्या शंकांत काढली आणि मग श्रद्धेकडे परतलो, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

हे लिहिलं त्यानंतर आठ महिन्यांनी त्यांच्यावर तीच वेळ आली. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. आजाराच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर करा, असं सुचवलं गेलं, पण इंग्रजांकडे सवलत मागायची नाही, हे आझादांनी ठरवलं होतं. बातमी आली त्यानंतरच्या पत्रात, सगळ्यांसमोर चेहरा शांत ठेवताना आतून काय झालं, ते त्यांनी लिहिलंय. आजार कुठवर गेलाय हे डॉक्टर सांगू शकत होते. शेकडो मैलांवर कोठडीत ते सोसायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांच्या हातातला नव्हता.

त्याच किल्ल्यात 1944 मध्ये नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. ज्याला आपण वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो, त्याचा जोरदार पुरस्कार त्यात आहे. 1976 मध्ये हाच शब्द राज्यघटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत आला. धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टींबद्दल नेहरू बरेच कडक होते, आझाद कुरआनचे भाष्यकार. तरी दोघं जवळजवळ तीन वर्षं एका आवारात राहिले आणि नंतर एका मंत्रिमंडळात बसले. 1951 मध्ये खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचं उद्घाटन करणारे शिक्षणमंत्री आझादच होते.

मोबाईलवरच्या त्या व्हिडिओंचं काय? कुरआनमध्ये आपल्या काळाचं विज्ञान शोधत बसण्याची सवय आझादांना पसंत नव्हती. मला त्यांचं पटतं. विज्ञान आज एक सांगतं, उद्या नवा पुरावा आला की ते बदलतं, आणि त्यातच त्याची ताकद आहे. अशा बदलत्या गोष्टीला आयत बांधून ठेवली, तर सिद्धांत बदलल्यावर मुलाला काय सांगणार?

रोजच्या आयुष्यात आपण ही विभागणी न बोलता पाळतोच. हजला जाणारा माणूस आधी मेनिन्जायटिसची लस घेतो, मग एहराम बांधतो. चंद्राचंही तसंच. 29 तारखेला सूर्यास्तानंतर चंद्र किती मिनिटं क्षितिजावर राहील, हे खगोलशास्त्र वर्षभर आधी सांगतं. पण महिना डोळ्यांनी चंद्र दिसल्यावर धरायचा की हिशोबावर, हा मसला आहे आणि तो उलमांकडेच न्यायचा. दरवर्षी होणारे वाद बरेचदा हे दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतात.

किबल्यात तर दोन्ही हातात हात घालून चालतात. काबाकडे तोंड करा, हा हुकूम धर्माचा. काबा नेमका कुठे, हे गणिताचं काम. अकराव्या शतकात अल-बिरूनीने गझनीचा किबला काढण्यासाठी आख्खा ग्रंथ लिहिला. आपल्या नगरहून मक्का सुमारे 3,600 किलोमीटर आहे आणि दिशा सरळ पश्चिम नाही, पश्चिमेपासून साधारण 10 अंश उत्तरेकडे.

हे मुलांना घेऊन स्वतः तपासता येतं. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो: 28 मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी आणि 16 जुलैला 2 वाजून 57 मिनिटांनी. लीप वर्षात दोन्ही तारखा एक दिवस अलीकडे येतात. त्या मिनिटाला गच्चीवर एक काठी सरळ उभी धरायची. सावली जिकडे पडेल त्याच्या बरोबर उलट बाजूला किबला. सावलीवर खडूने रेघ मारून ठेवली की काम झालं. जुलैत ढग असतात, तेव्हा मे महिन्यातला दिवस चुकवू नका.