उशिराचं कारण

मुकुंदवाडीत एका वकील मित्राच्या ऑफिसात विलंब माफीचा अर्ज तयार होताना पाहत होतो. पक्षकार जालन्याकडचे शेतकरी. प्रकरण 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याखालचं, वाढीव मोबदल्याचं. हायकोर्टाचं खंडपीठ इथून जवळ, याच जालना रोडवर. पण अपिलाची 90 दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती.

सुरुवात नकलेपासून झाली. निकालाच्या नकलेवर तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात. तयार नक्कल न नेता घालवलेले दिवस मात्र पक्षकाराच्या अंगावर पडतात. यांची तशीच पडून होती. मित्राने कॅलेंडर घेऊन दिवस दोनदा मोजले.

मग कारण. कारकुनाने मसुदा टाइप करून ठेवला होता: अर्जदार गरीब, अडाणी, कायद्याचे ज्ञान नाही. मित्राने त्यावर काट मारली.

"हे सगळ्यांच्याच अर्जात असतं काका. तुमचं काय झालं?"

काका बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलले. बायकोचं ऑपरेशन झालं होतं, हे अगदी शेवटी निघालं. "त्याचा इथं काय संबंध, साहेब?"

"तोच तर संबंध आहे. दवाखान्याचे कागद आणा."

1963 च्या मुदत कायद्याचं कलम 5 'पुरेसं कारण' मागतं. किती दिवसांपर्यंत, ते सांगत नाही. 1987 च्या कातिजी निकालात सुप्रीम कोर्टाने उदार राहायला सांगितलं; तिथे उशीर चारच दिवसांचा होता, तोही सरकारचा. 1998 मध्ये बालकृष्णन खटल्यात वकिलाच्या हलगर्जीमुळे झालेला 883 दिवसांचा उशीर माफ झाला. 2012 मध्ये टपाल खात्याचे 427 दिवस मात्र माफ झाले नाहीत. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, हे कारण कोर्टाने मानलं नाही. ठीकच केलं. सरकारच्या हाताशी वकील असतात, काकांना एसटीचं भाडंही मोजून द्यावं लागतं.

मोबदल्याच्या अपिलात उशीर माफ करताना तेवढ्या काळाचं व्याज कोर्टं अनेकदा नाकारतात. "व्याज जाऊ द्या, जमिनीचा भाव तरी मिळू द्या," काका म्हणाले.

राष्ट्रीय महामार्गात गेलेल्या जमिनीला एवढीही सवड नाही. तिथे लवादाचा निवाडा हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात जावं लागतं, कारण पटलं तर वर 30 दिवस. त्यापुढे कारण कितीही खरं असलं तरी कोर्टाला उशीर माफ करता येत नाही. असा निवाडा घरात आला असेल, तर त्यावरची तारीख आजच वकिलाला दाखवा.