घरच्या चित्रफितींची मूळ प्रत

विवाहाच्या, वर्षीतपाच्या पारण्याच्या, जुन्या पेढीच्या मुहूर्ताच्या व्हीएचएस फिती अनेक कपाटांत पडून आहेत. त्या दाखविणारी यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. रूपांतर करून घ्यावेच. मात्र फाइलचे स्वरूप दुकानदाराच्या मर्जीवर सोडू नये.

तो बहुधा एमपी-४ देतो. ती मोबाइलवर चालते, नातलगांना सहज पाठविता येते. परंतु आकार घटविताना ती चित्रातील तपशील कायमचा गाळते, आणि संपादन करून पुन्हा साठविली की आणखी गाळते. रोजमेळ फाडून केवळ ताळेबंद जपावा, तसाच हा व्यवहार!

मूळ प्रतीसाठी मॅट्रोस्का फाइलमधील एफएफव्ही-१ पद्धत उत्तम. तीत रूपांतरित चित्राचा एकही बिंदू गळत नाही, परवानाशुल्क नाही. अनेक अभिलेखागारे तीच वापरतात. तासाला वीस-पंचवीस जीबी जागा लागते खरी, तरी दोन टेराबाइटच्या डिस्कमध्ये ऐंशी तास मावतात. मिनीडीव्ही कॅसेटवरील नोंद मुळातच अंकीय. ती फायरवायरने जशीच्या तशी उतरवावी, तासाला सुमारे १३ जीबी. जुनी फीत ‘फोर-के’ करून देण्याचे निराळे पैसे मात्र कोणी मागितल्यास देऊ नयेत.

पाहण्यासाठीची एमपी-४ या मूळ प्रतीवरून केव्हाही काढता येते. मूळ डिस्कची दुसरी प्रत परगावच्या लेकीकडे ठेवावी.