उणे चाळीस अंशांतला गिअर

नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाचे तेल वाटीत घालून कोमट करण्याची पद्धत आपल्या घरोघरी आहे. त्यात पुण्याचा भाग असेल तो असो, पण गार तेल अंगावर पसरत नाही आणि जिरत नाही, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. खोबरेलाची बाटली तर पारा चोवीस अंशांच्या खाली उतरला की गोठू लागते. मग ती उन्हात ठेवायची किंवा गरम पाण्याच्या भांड्यात बुडवायची. प्रस्तुत लेखाचा विषय याच अनुभवाचा दूरचा नातेवाईक आहे. फक्त तो बारा हजार किलोमीटरांवर, एका पिकअप ट्रकच्या पोटात राहतो.

आधी माझा अधिकार किती ते सांगतो. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. दहावीनंतर काही वर्षे गॅरेजमध्ये हात काळे केले, पुढे छापखान्यात नोकरी धरली आणि यंत्रांविषयी मिळेल ते वाचत राहिलो. या विषयाकडे वळलो तो मात्र घरच्या एका नुकसानीमुळे. माझी थोरली बहीण कॅनडातल्या सास्काटून शहरी असते. भावोजी तिथे घरांची नळदुरुस्ती करतात. त्यांची हत्यारे, पाइप आणि रोजी-रोटी सारे एका जुन्या पिकअपच्या मागच्या हौद्यात असते. एका जानेवारीत मी त्यांच्याकडे राहायला होतो. पारा उणे चौतीसवर होता.

सकाळी इंजिन सुरू झाले. भावोजींनी दांडा ‘डी’वर आणला, पण गाडी हलली नाही. आपण मनात एक, दोन, तीन म्हणावे इतका वेळ गेला आणि मग मागून कोणी ढकलावे तसा हिसका बसला. पुढे दुसरा गिअर सुटता सुटेना, इंजिन ओरडत राहिले. शेवटचा गिअर दहा-बारा मिनिटे पडलाच नाही. दुपारी तीच गाडी लोण्यासारखी चालत होती. भावोजी एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या माणसाने अंगणातच, गार गाडीची तेलपट्टी ओढून पाहिली, “तेल कमी आहे” म्हणाला आणि दीड लिटर ओतले. आठवड्याने गाडी खरोखरच घसरू लागली. इंजिन जोर करी आणि चाके मागे राहत. आता तोच म्हणाला, “गिअरबॉक्स गेला, नवा घाला.” त्याने सांगितलेल्या आकड्यात भावोजींची हिवाळ्याची सारी कमाई गेली असती.

तेल हेच हात, तेल हेच पाय

हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लच आपला पाय दाबतो आणि गिअर आपला हात बदलतो. ऑटोमॅटिक गाडीत हे दोन्ही काम तेल करते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर बसवलेले दोन पंखेच समजा. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि तेलाचा झोत दुसऱ्यावर मारून त्याला फिरवतो. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फोटिंगर यांची. १९०५ साली त्यांनी ती जहाजांसाठी काढली होती, कारण वाफेच्या टर्बाइनचा प्रचंड वेग पंख्याला मानवेल इतका उतरवायचा होता.

त्याच्या मागे दातेरी चाकांचे संच असतात. एक चाक मधोमध आणि भोवती छोटी चाके, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. कोणते चाक धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे यावर गिअर ठरतो. धरण्याचे काम क्लचच्या प्लेटांचे. त्या प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनमागे तेल भरते, ते पंपाने दिलेल्या दाबाने. कोणत्या वाटेने तेल सोडायचे हे झडपांची एक पेटी ठरवते. तिच्यात बोटाएवढ्या झडपा आणि चक्रव्यूहासारखे पाट असतात.

अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रामॅटिक नावाचा असा गिअरबॉक्स १९४० च्या मॉडेलबरोबर आला. शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये तो १९५४ साली मिळू लागला. शेतकऱ्याचे आणि कारागिराचे वाहन तेव्हापासून तेलाच्या भरवशावर गेले, आणि त्या देशांच्या उत्तरेकडच्या हिवाळ्यात ते तेल घट्ट होते.

किती घट्ट?

खोबरेल गोठते तसे हे तेल सहसा गोठत नाही, ते दाटते. दाटपणा सेंटिपॉइज या एककात मोजतात. वीस अंशांचे पाणी म्हणजे सुमारे एक. गाडी तापल्यावर गिअरबॉक्समधले तेल पाच-सात सेंटिपॉइज असते. उणे चाळीसवर (या एका आकड्यावर सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात) जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन सहा या प्रमाणात पंधरा हजारांपर्यंतची मुभा आहे. म्हणजे तापल्या तेलाच्या दोन-तीन हजार पट; हातात घेतले तर घट्ट मधासारखे. जुन्या डेक्सरॉन दोनमध्ये ही मर्यादा पन्नास हजार होती. मधल्या तीसेक वर्षांत तेलाने केलेली प्रगती या दोन आकड्यांत दिसते.

खनिज तेलात मेणाचा अंश असतो. गारठ्यात त्याचे स्फटिक जाळे विणतात आणि प्रवाह अडतो. म्हणून त्यात मेण जुळू न देणारी द्रव्ये घालतात किंवा कृत्रिम तेल वापरतात. गंमत अशी, की प्लेटांनी एकमेकींना हळुवार धरावे म्हणून या तेलात कितीतरी वर्षे स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० साली अमेरिकेने त्या देवमाशाला संकटग्रस्त ठरवले, त्याच्या तेलाची वाट बंद झाली, आणि रसायनज्ञांना पर्याय शोधावा लागला.

उशीर, ओरड आणि हिसका

आता त्या सकाळकडे परत येऊ. दांडा ‘डी’वर येतो. पंपाला मधासारखे तेल जाळीतून ओढून घ्यायचे असते. ते चिंचोळ्या पाटांतून रांगत जाते आणि पिस्टनमागची जागा भरायला सेकंद लागतात. रबरी सीलही गारठ्याने कडक होऊन आक्रसलेली असतात आणि त्यांच्या कडेने थोडा दाब निसटतो. हा झाला उशीर. जागा भरली की दाब एकदम चढतो, हाच हिसका. शिवाय ज्या प्लेटा मोकळ्या असायला हव्यात, त्याही दाट तेलामुळे एकमेकींना ओढत राहतात.

उशिरा पडणाऱ्या गिअरांचे कारण वेगळे. नव्या गाड्यांत तेलाचे तापमान मोजणारा सेन्सर असतो. गाडीचा संगणक त्याला विचारूनच निर्णय घेतो. तेल गार असेल तर दाब वाढवा, गिअर उशिरा बदला म्हणजे इंजिन लवकर तापेल, शेवटचा गिअर तूर्त नको, टॉर्क कन्व्हर्टरचे दोन पंखे एकमेकांना जखडणारा लॉकअपही नको. पंखे एकमेकांवर घसरतात तेव्हा तेल घुसळून तापते, आणि त्या वेळी तेच हवे असते. फोर्डने २००३ च्या सुमारास आपल्या मोठ्या पिकअपमध्ये टॉर्कशिफ्ट गिअरबॉक्स आणला. जाहिरातीत त्याचे गिअर पाच, पण आत सहावे एक गुणोत्तर कडाक्याच्या थंडीसाठी राखून ठेवलेले. म्हणजे जी वागणूक मालकाला आजार वाटते, तिच्यातली निम्मी तरी कारखान्याने मुद्दाम शिकवलेली सावधगिरी असते.

मग उभ्या गाडीत इंजिन तापवत बसावे काय? प्रेअरीत घराघरांसमोर गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर दिसते. ती इंजिन तापवणाऱ्या हीटरची. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचे पेटंट १९४९ साली मिळाले. पण तो इंजिनाला ऊब देतो, गिअरबॉक्स तसाच गारठलेला राहतो. ‘पी’मध्ये उभ्या गाडीत पंखे जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे तेल फारसे घुसळत नाही. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट घराण्यातल्या कित्येक गिअरबॉक्समध्ये तर ‘पी’वर तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून फिरतच नाही. त्यांचे जाणते मालक हातब्रेक ओढून ‘एन’वर ठेवतात. बाकीच्यांसाठी उपाय साधा आहे. मिनिट-दोन मिनिटे थांबा, दांडा टाकल्यावर गिअर धरल्याचे जाणवेपर्यंत पेडल दाबू नका आणि पहिली काही किलोमीटर हलक्या पायाने चालवा. फार कडाका असेल तर गिअरबॉक्सच्या तळाला चिकटवायची विजेची गादी मिळते.

दीड लिटरचा हिशेब

भावोजींच्या गाडीचे खरे दुखणे मला मॅन्युअलमध्ये सापडले. तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, तेल पूर्ण तापल्यावर, चालू इंजिनावर पाहावी, असे तिथे स्पष्ट छापले होते. कारण साधे आहे. तेल तापले की फुगते, दर अंशाला दहा हजारांत सात-आठ भाग. उणे तीसपासून ऐंशीपर्यंत एकशे दहा अंश. म्हणजे साधारण आठ टक्के. गिअरबॉक्समध्ये बारा लिटर तेल असेल तर जवळपास एक लिटर. गारठलेल्या गाडीत पट्टीवर तेल कमी दिसणारच. त्यावर दीड लिटर ओतले, आणि तापल्यावर पातळी फिरत्या चाकांपर्यंत चढली. चाकांनी तेलाचे ताक घुसळावे तसा फेस केला. फेसात हवा, आणि हवा दाबली जाते. पिस्टनमागचा दाब ढिला पडला, प्लेटा घसरल्या, तापल्या, जळल्या. आजार नव्हता, तो औषधाने आणला.

आम्ही गाडी तापवून पट्टी पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर होते आणि त्यात बुडबुडे होते. दुसऱ्या एका मेकॅनिककडून जास्तीचे तेल काढले, जाळी बदलली, मॅन्युअलने सांगितलेल्या प्रमाणाचे नवे तेल मोजून भरले. घसरणे थांबले. सकाळचा उशीर राहिला, पण तो गाडी तापली की जाई. मात्र काढलेल्या तेलाला जळका वास होता. त्या आठवड्यात प्लेटांचे अस्तर जेवढे जायचे ते गेले होते. गिअरबॉक्सने आणखी दोन हिवाळे काढले आणि तिसऱ्यात तो उघडावा लागला. खर्च झाला, पण तोवर भावोजींनी पैसे बाजूला टाकले होते.

तेव्हापासून ते ओळखीच्या नव्या माणसांना, त्यात मराठी घरेही आली, तीनच प्रश्न विचारतात. गाडी तापली की दोष जातो का? तेलाला जळका वास आहे का? आणि पातळी गरम गाडीत पाहिली की गार? पहिल्याचे उत्तर ‘हो’, दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर बहुधा हिवाळा बोलतो आहे, थांबा. तापल्यावरही गाडी घसरत असेल तर गिअरबॉक्स बोलतो आहे, लगेच दाखवा. तिसऱ्या प्रश्नावर माणूस गप्प झाला, तर भावोजी आधी त्याची गाडी अर्धा तास फिरवून आणतात आणि मगच पट्टी ओढतात.