वृद्धांच्या मनाची काळजी

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि देशातील प्रार्थनास्थळे भाविकांस बंद झाली. सौंसरजवळील जामसांवलीसारख्या, हनुमान मंदिरामुळे गजबजणाऱ्या गावी ही शांतता वृद्धांस जाचली असल्यास नवल नाही. पासष्टीपुढील मंडळींनी घरीच राहावे, हा शासनाचा सल्ला देहरक्षणासाठी योग्यच होता. परंतु दर्शन, पार व बाजार सुटला की मनाचा आधारही सुटतो. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, विनाकारण चिडणे यांस आपण ‘म्हातारपण’ म्हणतो. पुष्कळदा ती मनाच्या ताणाची लक्षणे असतात. औषधाइतकीच रोजची विचारपूस हवी. घरच्या कामांत त्यांचा सल्ला घ्यावा. वृद्धांसाठी १४५६७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तथापि आपल्या माणसाचा शब्द तिच्याआधी पोहोचावा, असे आम्हांस वाटते.