जड झालेली सेफ्टी आणि लेथवाल्याची जोखीम

आपल्या मिरा-भाईंदरच्या बाजारात परवान्याची बंदूक बाळगणारे व्यापारी थोडेच. तरी काही घरांत वाडवडिलांच्या शिकारीच्या काळातील रायफल अजून कपाटात असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद होत गेली, रायफल मात्र राहिली. खाडीची खारी हवा, चार महिन्यांचा पावसाळा आणि वर्षानुवर्षे न लागलेला हात, मग एक दिवस तिची सेफ्टी सरकत नाही. अशा वेळी मालक काय करतो? ओळखीच्या लेथवाल्याकडे जातो. धोका नेमका तिथेच आहे.

लिव्हरची रायफल म्हणजे दस्त्याखालची कडी खाली-वर करून काडतूस भरणारी. तिच्यात सेफ्टी कुठे आहे हे आधी ओळखावे. विंचेस्टर १८९४ च्या जुन्या रायफलींत वेगळे बटणच नाही. घोडा अर्धा चढवून ठेवणे हीच सेफ्टी. त्यातही पुढच्या काळातील पुष्कळ रायफलींत कडी दस्त्याशी घट्ट दाबल्याखेरीज चाप चालत नाही. हा बिघाड नव्हे, रचना आहे. आडवे दाबायचे बटण विंचेस्टरमध्ये १९९२ साली आले. सॅव्हेज ९९ च्या जुन्या रायफलींत सरकती सेफ्टी कडीजवळ असते.

सेफ्टी जड होण्याची कारणे शिलाई मशीन चालवणाऱ्या कारागिराला नवी नाहीत. जुने तेल सुकून चिकट होते, त्यावर धूळ व कपड्याची कीस बसते, बारूदाची काजळी साचते, आतल्या स्प्रिंगला गंज चढतो. काही जण घरातले खोबरेल घालतात. ते २४ अंशांच्या आसपास गोठते आणि जुने झाले की चिकटते. ज्या कारणाने ते शिलाई मशीनला चालत नाही, त्याच कारणाने बंदुकीलाही चालत नाही.

मालकाने एवढेच करावे. नळीचे तोंड निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर. सर्व काडतुसे काढून दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळीखालच्या नळकांड्यात एखादे काडतूस राहू शकते. म्हणून तिथे आणि काडतूस बसते त्या कोठ्यात डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपावे. मग बटणाभोवतीची घाण सुक्या कपड्याने पुसून पातळ खनिज तेलाचा एखादा थेंब सोडावा, काही तास थांबावे आणि बोटानेच हलवून पाहावे. पक्कड, हातोडी, स्क्रूड्रायव्हर जवळ आणू नये. सेफ्टी तरीही हलत नसेल, किंवा उलट फारच सैल झाली असेल, अथवा अर्धा चढवलेला घोडा चाप दाबताच सुटत असेल, तर मालकाचे काम संपले. सैल सेफ्टी ही जड सेफ्टीपेक्षा वाईट, कारण ती भरवसा देते आणि दगा करते.

पुढचे काम परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतील आमच्या कारागीर बांधवांनी हे पक्के ध्यानात घ्यावे. “एवढी एक पिन घासून दे” म्हणणारा गिऱ्हाईक कितीही जुना असो, त्याला हात जोडून परत पाठवावे. पन्नास रुपयांच्या कामासाठी कारखाना आणि घर दोन्ही पणाला लावण्यात कसली तिजारत?

मालकांसाठीही दोन गोष्टी. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ५ वर्षांची आहे. वडील गेले आणि वारसाकडे परवाना नसेल, तर रायफल कपाटात न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. परवान्याची चौकशी तिथे करावी. निवडणुकीत जमा केलेले शस्त्र परत मिळाले की ते रिकामे आहे ना, आणि सेफ्टी नीट चालते ना, हे आधी पाहावे. दुरुस्तीला नेताना रायफल रिकामी, पेटीत बंद आणि परवाना सोबत असावा. पावतीवर रायफलचा क्रमांक लिहून घ्यावा. थानाचा माल आपण मोजून, पावती घेऊन देतो. इथे तर प्रश्न जिवाचा आहे.