थंड पाण्याची बदनामी

ध्रुवीय सागरांचे जीवशास्त्र शिकविण्यास पाहुणा अध्यापक म्हणून ज्या ज्या विद्यापीठात जावे, तेथे पहिल्याच तासाला कोणीतरी चुणचुणीत विद्यार्थी उठतो आणि, ही बाब जणू सरकारी दफ्तरात नोंदलेली आहे अशा खात्रीने, सांगतो की त्या गोठवणाऱ्या पाण्यात जीवसृष्टी ती कसली असणार! पदवीच्या पहिल्या वर्षी हे क्षम्य मानावे. पदव्युत्तर वर्गातही तेच कानी पडते, तेव्हा मात्र संयमाची कसोटी लागते.

समुद्राची सुपीकता त्याच्या उबेवर नव्हे, तर प्रकाश आणि पोषकद्रव्ये यांच्या संयोगावर अवलंबून असते. आणि उष्ण कटिबंधातील खुल्या सागरात नेमका हा संयोगच दुर्मीळ, कारण उन्हाने तापलेला हलका थर पृष्ठभागावर झाकणासारखा बसून नायट्रेट व फॉस्फेट यांनी समृद्ध असलेल्या खोल पाण्यास वर येऊ देत नाही. आपल्या अरबी समुद्राचाच दाखला घ्या: हिवाळ्यात त्याच्या उत्तर भागावरून कोरडे, गार वारे वाहू लागले, की पृष्ठजल निवून जड होते, खाली बसते, खालचे पोषण वर येते आणि वनस्पतिप्लवकांना बहर येतो. अंटार्क्टिकाभोवती तर प्रबळ पश्चिमी वाऱ्यांमुळे खोल पाणी अव्याहत वर येत असते. तेथील क्रिल या कोळंबीसदृश जीवांचे एकूण वजन, अ‍ॅटकिन्सन व सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, सुमारे 37.9 कोटी टन भरते. आणि 2021 साली 'पोलारश्टेर्न' या जर्मन संशोधननौकेला वेडेल समुद्राच्या तळाशी हिममाशांची जी वसाहत आढळली, तीत सहा कोटींच्या आसपास घरटी असावीत, असे शोधकर्त्यांनी 'करंट बायॉलॉजी'त नमूद केले आहे. यालाही कोणास वैराण म्हणावयाचे असेल, तर खुशाल म्हणावे.

मग दक्षिण महासागर सर्वत्र हिरवा का नाही, अशी हरकत कोणी घेतो. ती रास्त आहे. पण तेथे मुख्य टंचाई लोहाची, हे जॉन मार्टिन यांनी 1990 च्या सुमारास मांडले, आणि पुढे समुद्रात लोह मिसळून केलेल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. 2009 साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'लोहाफेक्स' मोहिमेत सुमारे 300 चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह घातले, तेव्हा प्लवक वाढले खरे, परंतु सिलिकेटच्या अभावी डायटमांना जोर धरता आला नाही आणि बाकीच्यांचा सूक्ष्म प्राण्यांनी फडशा पाडला.

किरकोळ गैरसमजांस एकेक ओळ पुरे. ध्रुवीय अस्वल पेंग्विन खात नाही. दोघांमध्ये सारी पृथ्वी आहे. तरंगता समुद्रबर्फ वितळल्याने सागराची पातळी जवळजवळ वाढत नाही, जमिनीवरील बर्फाने वाढते. अंटार्क्टिक माशांचे रक्त गोठणरोधक प्रथिनांमुळे गोठत नाही, आणि हिममाशांना तर हिमोग्लोबिनही लागत नाही, इतका प्राणवायू त्या थंड पाण्यात विरघळलेला असतो. राहता राहिला व्हेल कमी झाले म्हणजे क्रिल वाढले, हा त्रैराशिकी हिशेब: विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक व्हेल मारले गेले, तरी क्रिलचा पूर आला नाही, कारण क्रिलमधील लोह विष्ठेवाटे पाण्यास परत करणारे ते व्हेलच होते.