अळंबी उजळते कुणासाठी?

१८३९ साली ब्राझीलमधल्या एका गावात जॉर्ज गार्डनर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाला रात्री खेळणाऱ्या पोरांच्या हातात काहीतरी चमकताना दिसलं. मोठा काजवा असावा, असं त्याला वाटलं. निघाली अळंबी! बुटक्या ताडाच्या कुजणाऱ्या झावळ्यांवर उगवणारी. गावातले लोक तिला ‘नारळाचं फूल’ म्हणत. शास्त्रीय नावात मात्र आता गार्डनर बसलाय: निओनोथोपॅनस गार्डनेरी.

हा उजेड श्वासावर चालतो म्हटलं तरी चालेल. रॉबर्ट बॉईलने १६६७ मध्येच चमकतं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून आतली हवा काढून घेतली होती. उजेड गेला, हवा आत सोडताच परतला. लाकडातल्या बुरशीला ऑक्सिजन लागतो, हे आज आपल्याला माहीत आहे. झाडाझुडपांत सर्रास सापडणाऱ्या कॅफिक आम्लापासून ती हिस्पिडिन बनवते, त्यापासून ल्युसिफेरिन. ल्युसिफरेज नावाचं विकर त्याचा ऑक्सिजनशी संयोग घडवतं आणि मोकळी होणारी ऊर्जा थंड, हिरवा प्रकाश होऊन बाहेर पडते. या साखळीची जनुकं तंबाखूच्या रोपांत घातली, तर तीही उजळली. २०२० मधली ही गोष्ट.

पण हा खटाटोप कशासाठी? २०१५ मध्ये ब्राझीलच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की गार्डनेरीचा उजेड शरीरातल्या घड्याळावर चालतो आणि रात्रीच वाढतो. मग त्यांनी जंगलात राळेच्या खोट्या अळंब्या मांडल्या. काहींत हिरवे एलईडी, काही नुसत्याच. वरून चिकट थर. दिवेवाल्यांवर भुंगेरे, माश्या, मुंग्या जास्त चिकटल्या. दाट झाडीत वारा जेमतेम शिरतो, तिथे बीजाणू न्यायला कीटक हवेतच. हिशेब जुळला.

जुळला तो गार्डनेरीपुरता. ऑस्ट्रेलियात सतत उजळणाऱ्या ‘भूत अळंबी’वर २०१६ मध्ये असाच सापळा लावला, तर कीटकांनी उजेडाची फारशी दखलच घेतली नाही. आपल्या भीमाशंकरला भर पावसाळ्यात चमकतं ते कुजकं लाकूड. त्यात छत्रीही नाही न् बीजाणूही नाहीत, नुसते बुरशीचे धागे. तिथे कीटकांना बोलावून काय साधणार? मला वाटतं, कित्येक बुरशींच्या बाबतीत लाकूड पचवताना होणाऱ्या रासायनिक घडामोडींतून हा उजेड फुकटच सांडत असावा, आणि गार्डनेरीने तेवढा तो कामाला लावला.